११.९ टक्के : घरच्या प्रयोगशाळेतले ऑक्सिडक आणि कायदा

निळीशाई · ११ जानेवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. विज्ञान विभागात मी आजवर नुसती वाचत आले. धागा पहिल्यांदाच काढतेय, जरा लांबेल. विषय ऑक्सिडकांचा, म्हणजे दुसऱ्या पदार्थाचे इलेक्ट्रॉन काढून घेणाऱ्या पेरॉक्साइडसारख्या रसायनांचा.

कोल्हापूरला एम.एस्सी. करत होते तेव्हा गॅदरिंगच्या आदल्या दिवशी आमच्या सरांनी एक प्रयोग दाखवला होता. तीन बाटल्या, तिन्हींत पाण्यासारखी द्रावणं. एका चंचुपात्रात ओतली, काचकांडीनं ढवळली. आधी काहीच नाही. मग मधासारखा रंग चढला आणि बघता बघता अख्खं पात्र शाईसारखं निळं झालं. आम्हाला वाटलं, संपलं. तेवढ्यात निळं विरलं, परत पाणी. परत मध, परत शाई. कुणी हात लावत नव्हतं आणि दर पंधरा-वीस सेकंदांनी ते आपलं आपण रंग बदलत होतं, पाचेक मिनिटं. इथलं माझं नाव त्या पात्रावरून घेतलंय.

ब्रिग्ज-राऊशर अभिक्रिया म्हणतात तिला. १९७३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गॅलिलिओ हायस्कूलमधल्या थॉमस ब्रिग्ज आणि वॉरन राऊशर या दोन शिक्षकांनी ती प्रसिद्ध केली. शाळामास्तरांनी! मला याचं अजून अप्रूप वाटतं.

गेली अकरा वर्षं मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. नोकरीचा रसायनशास्त्राशी संबंध नाही. तळघरात एक फळी, एक तराजू, थोडी काचभांडी, एवढीच माझी प्रयोगशाळा. २०१९ च्या गणपतीत इथल्या मराठी मुलांना मी हाच प्रयोग दाखवला. त्यासाठी ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची एक लिटरची बाटली आणली होती. तेव्हाही नियम होते, पण आम्हाला विक्रेत्यांनी समजावलेले नव्हते आणि आम्हीही विचारलं नव्हतं. ती चूक माझी.

मग युरोपीय संघाचा २०१९/११४८ हा नियम १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. स्फोटकांचा कच्चा माल होऊ शकणाऱ्या रसायनांची त्यात यादी आहे आणि प्रत्येकापुढे टक्केवारी. पेरॉक्साइड १२, नायट्रिक आम्ल ३, सल्फ्यूरिक आम्ल १५, नायट्रोमिथेन १६, सोडियम-पोटॅशियमची क्लोरेटं आणि परक्लोरेटं ४०. याहून तीव्र असेल तर खाजगी माणसाला विकायचं नाही. त्यानं ते देशात आणायचं नाही, जवळ बाळगायचं नाही, वापरायचं नाही. आधी कायदेशीरपणे घेतलेल्या साठ्याला २ फेब्रुवारी २०२२ पर्यंत मुदत होती. हवं तर परवाना पद्धत ठेवा, अशी मुभा नियमानं देशांना दिली आहे (पेरॉक्साइडला ३५ टक्क्यांपर्यंत). जर्मनीनं ती घेतली नाही. त्यामुळे इथे अर्ज करायलाही खिडकी नाही.

मी माझी बाटली श्टाटहालेच्या, म्हणजे गावच्या सभागृहाच्या आवारात येणाऱ्या शाडश्टॉफमोबीलला, म्हणजे घातक कचरा गोळा करणाऱ्या गाडीला, देऊन आले. तिथल्या माणसानं लेबल वाचलं, हातमोजे घातले, निळ्या पिंपात ठेवली. दोन मिनिटांचं काम. घरी येऊन फळीवरचा तो रिकामा गोल डाग पाहिला आणि तीन वर्षं तळघरात काही केलं नाही.

आता लेक बारा वर्षांची आहे. गणपतीतला निळा रंग तिला आठवतो आणि ती विचारते, आई, परत कधी? म्हणून विचारतेय. तुम्ही जिथे आहात तिथे हा छंद कसा सांभाळता? पळवाटा नकोत. लेकीसमोर उघडपणे करता येईल असं काय उरलंय, ते हवंय.

---

लेस्टरकर · ११ जानेवारी, रात्री ११:५८

चांगला धागा. मी इंग्लंडमधलं सांगतो, कारण इथे खिडकी आहे आणि मी त्या खिडकीत उभा राहिलो आहे.

माझा छंद उल्कांचा. एका सुट्टीत लोणारला गेलो आणि तेव्हापासून लागलेलं वेड. लोखंडी उल्केचा काप घासून गुळगुळीत केला आणि त्यावर अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक आम्ल फिरवलं की एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी उमटते. लोह-निकेलची ही स्फटिकरचना लाखो वर्षांत अतिशय हळूहळू थंड होताना तयार होते, कुणाला भट्टीत बनवता येत नाही. विडमनश्टेटन नक्षी म्हणतात.

इथला कायदा म्हणजे १९७२ चा पॉयझन्स ॲक्ट, नंतर बदललेला. मर्यादा तुमच्यासारख्याच आहेत, नायट्रिकला ३ टक्के. पण होम ऑफिसकडे, म्हणजे इथल्या गृहखात्याकडे, परवान्याचा अर्ज करता येतो. कशासाठी हवं, किती तीव्र, किती, कुठे ठेवणार, हे सगळं लिहायचं. तुमच्या जीपीचं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरचं नाव द्यायचं. तुमची पार्श्वभूमी तपासली जाते. परवाना मिळाला तर जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. खरेदी करताना परवाना आणि फोटो ओळखपत्र दाखवायचं, विक्रेता खरेदीची नोंद परवान्यावरच करतो. परवान्याशिवाय जवळ सापडलं तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

पहिल्यांदा अर्ज भरताना मनाला लागलं होतं. पन्नाशीचा माणूस, आयुष्यात कधी पोलिसांची पायरी चढलो नाही आणि आता डॉक्टरचं नाव द्यायचं. पण 'कुठे ठेवणार' या रकान्यापाशी मी थांबलो. खरं उत्तर होतं, गॅरेजमध्ये, पेट्रोलच्या कॅनशेजारी. ते कागदावर लिहवेना. आधी कुलपाचं कपाट आणलं, मग अर्ज भरला.

आणि एक सांगायलाच हवं. परवान्याची मुदत संपली तेव्हा मी तो पुन्हा काढला नाही. फेरिक क्लोराइडनं तीच नक्षी उमटते, त्याला परवाना लागत नाही. थोडा वेळ जास्त लागतो आणि काप नंतर फार काळजीनं धुवावा लागतो, नाहीतर क्लोराइड भेगांत राहून गंज धरतो. मी ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवतो, पाणी बदलत, मग अल्कोहोलनं सुकवतो.

---

तपकीरगल्ली · १२ जानेवारी, सकाळी ८:१५

फेरिक क्लोराइडला माझंही मत. मी पुण्यात घरी सर्किट बोर्ड करतो. बोर्डावरचं नको असलेलं तांबं विरघळवायला बाहेरच्या व्हिडिओंमध्ये सगळे पेरॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण दाखवतात. इथल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, फेरिक क्लोराइड मिळतं, ते बास आहे. तीन-धन (तीन धन भारांचं) लोह तांब्याचा इलेक्ट्रॉन घेतं, स्वतः दोन-धन होतं, तांबं विरघळतं. तेही ऑक्सिडीकरणच.

फक्त वापरून झालेलं द्रावण मोरीत ओतू नका. त्यात तांबं असतं. मी धुण्याचा सोडा थोडा थोडा घालतो (फसफसतं, मोठं भांडं घ्या), गाळ बसला की वेगळ्या डब्यात साठवतो. डबा भरला की ओळखीच्या प्लेटिंगवाल्याकडे देतो, त्याच्याकडे सांडपाण्याची सोय आहे.

लेस्टरकर, तुमच्याकडे हायड्रोक्लोरिकलाही बंधन आलंय असं ऐकलं, खरं का?

---

लेस्टरकर · १२ जानेवारी, दुपारी १:३०

हो. १ ऑक्टोबर २०२३ पासून १० टक्क्यांवरचं हायड्रोक्लोरिक आणि ३० टक्क्यांवरचं फॉस्फोरिक आम्लही परवान्याखाली आलं. हेक्झामीनही. विटा धुणारे, गंज काढणारे असे साधे लोकही त्यामुळे परवान्याच्या रांगेत आले.

---

कृष्णाकाठ · १२ जानेवारी, रात्री ९:०५

मी सांगली जिल्ह्यातला, द्राक्षबाग आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री करून शेतीत आलो. निळीशाईताई, तुमचा रिकामा गोल डाग वाचून गलबललं.

आमच्या गोठ्याशेजारच्या खोलीत १३:०:४५ च्या पिशव्या असतात. द्राक्ष-डाळिंबवाल्या कुणालाही हे आकडे तोंडपाठ. ते म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, शाळेत शिकलेला सोरा. ग्रामपंचायतीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पिंपांनी येते आणि शिपाई ती टाकीत टाकतो. आमचं अख्खं गाव ऑक्सिडकांवर जगतंय असं म्हटलं तरी चालेल. म्हणून सरसकट बंदी कुणालाच परवडत नाही. मग कायदा टक्केवारीवर येतो आणि माणूस कोण आहे यावर येतो. शेतकऱ्याला पिशवी मिळते, छंदवाल्याला शंभर ग्रॅम मिळत नाही. यात अन्याय आहे, पण कारणही आहे.

कारण आपल्याला पुण्या-मुंबईच्या लोकांना कुणी समजावायला नको. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीतला बॉम्बस्फोट. १३ जुलै २०११ ला झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस, दादर. त्याच जुलैत केंद्रानं अमोनियम नायट्रेट १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली आणलं आणि २०१२ मध्ये त्याचे स्वतंत्र नियम आले. परवाने देणारी पेसो ही संस्था नागपुरातली. पुढे ४ ऑगस्ट २०२० ला बैरुतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडालं, तेव्हा आपल्याकडच्या गोदामांचीही झडती झाली.

आता एक गंमत नव्हे, पण लक्षात राहण्यासारखी गोष्ट. आपल्या नियमात सीमा आहे वजनानं ४५ टक्के अमोनियम नायट्रेट. युरोपच्या यादीत ती वेगळ्या भाषेत आहे, अमोनियम नायट्रेटमधून येणारा नायट्रोजन १६ टक्के. अमोनियम नायट्रेटमध्ये नायट्रोजन ३५ टक्के. १६ ला ०.३५ नं भागा, ४५.७ येतात. दोन खंड, दोन वेगळ्या समित्या, आकडा जवळपास तोच. म्हणजे हे आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत. त्यामागे रसायनशास्त्र आहे आणि ते आपल्याला वाचता येतं.

---

ब्युरेट · १३ जानेवारी, पहाटे ५:२०

कृष्णाकाठ यांनी शेवटच्या ओळीत जे लिहिलं त्यानं मला रात्री झोपू दिलं नाही. आकडा वाचायचा. म्हणून उठून जुनी वही काढली.

मी पुण्यात एका महाविद्यालयाच्या रसायनशाळेत ३४ वर्षं काम केलं. हा प्रयोग दरवर्षी लावायचो. निळीशाईताई, कृपा करून पुढचं नीट वाचा.

माझ्या वहीत तीन द्रावणं आहेत. पहिलं पेरॉक्साइड, ३.६ मोलर, म्हणजे लिटरमध्ये रेणुवस्तुमानाच्या ३.६ पट ग्रॅम. दुसरं पोटॅशियम आयोडेट, त्यात अगदी थोडं सल्फ्यूरिक आम्ल. तिसरं मॅलोनिक आम्ल, मँगनीज सल्फेट आणि स्टार्च. तिन्ही सारख्या आकारमानानं एकत्र करायची.

आपण सगळे ३० टक्क्यांची बाटली आणत होतो, कारण पुरवठादाराकडे तीच मिळायची. आणल्यावर पहिलं काम काय करत होतो? पाणी घालत होतो.

आता तुमच्या कायद्याची सीमा घ्या. जर्मनीत ११.९ टक्क्यांचं स्वच्छ पेरॉक्साइड खाजगी माणसाला मिळतं, सीमेच्या केसभर खाली ठेवून मुद्दाम विकतात. १०० ग्रॅममध्ये ११.९ ग्रॅम. घनता साधारण १.०४. म्हणजे लिटरला १२४ ग्रॅमच्या आसपास. रेणुवस्तुमान ३४. भागा.

३.६ मोलर.

तुम्हाला पाणीसुद्धा घालायचं नाही. बाटली उघडायची आणि तेच पहिलं द्रावण. सल्फ्यूरिक आम्ल दुसऱ्या द्रावणात एक टक्क्याहूनही कमी लागतं, तुमची सीमा १५ ची आहे. पोटॅशियम आयोडेट त्या यादीत नाही. आपल्याकडे मिठात आयोडिन घालतात ते याच रूपात. मॅलोनिक आम्ल नाही, मँगनीज सल्फेट नाही.

तीन वर्षं तुम्ही ज्या दारापुढे बसून होता, ते बंद नव्हतं. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. ३४ वर्षं मीही ३० टक्क्यांची बाटली मागवत राहिलो आणि एकदाही विचारलं नाही की मला खरंच किती हवंय.

---

निळीशाई · १३ जानेवारी, सकाळी ७:०२

सर, मी बसमध्ये आहे. मोबाइलवर तीन वेळा भागाकार केला. ३.६४ येतात.

संध्याकाळी लिहिते.

---

वेगळावेग · १३ जानेवारी, दुपारी १२:१८

[सौम्य द्रावण घरी तीव्र करण्याची आणि क्लोरेट घरी बनवण्याची पद्धत दिल्यामुळे हा प्रतिसाद काढला आहे. – संपादक]

---

ब्युरेट · १३ जानेवारी, दुपारी ३:४५

संपादकांचे आभार. प्रतिसाद काढण्याआधी मी वाचला होता. लिहिणारा तरुण असावा आणि त्याला मदतच करायची होती असं वाटलं, म्हणून रागावून नाही, समजावून लिहितो.

पहिलं, कायद्याचं. युरोपात नुसती खरेदी रोखलेली नाही. बाळगणं आणि वापरणंही रोखलं आहे. बाटली दुकानातून आली की स्वयंपाकघरातून, गुन्हा तोच. विक्रेत्याला संशय आला तर त्यानं २४ तासांत कळवायचं असतं, आणि तसं कळवणाऱ्या दुकानदाराचा मी आदर करतो.

दुसरं, पदार्थाचं. तीव्र पेरॉक्साइडला विघटनासाठी धुळीचा कण, गंजाचा ठिपका, घाणेरडी काच पुरते. विघटन उष्णता देतं, उष्णता विघटन वाढवते. बूच घट्ट असेल तर बाटली फुटते. १९९० च्या सुमारास आमच्या रसायनशाळेत फक्त ३० टक्क्यांची बाटली उन्हात राहून फुटली होती. माझा सहायक तेव्हा दुसऱ्या खोलीत होता म्हणून त्याचे डोळे आहेत.

तिसरं आपल्या सगळ्यांसाठी. परवान्याची खिडकी ठेवावी की नाही हे कुणीतरी कुठेतरी ठरवतो आहे. तो अशा पाककृती वाचून ठरवेल, तर निकाल काय लागेल?

---

ठाण्याची_आई · १४ जानेवारी, सकाळी ११:१०

मी या विषयातली नाही. मुलगा नववीत, त्याला रसायनशास्त्राचं फार वेड. मागच्या महिन्यात मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला, रसायनांच्या बाजारात, घेऊन गेले होते. दोन-तीन दुकानांत विचारलं, सगळ्यांनी जीएसटी क्रमांक किंवा शाळेचं पत्र मागितलं. एका दुकानात तर 'घरी कशाला हवंय?' असं मुलाकडे बघून विचारलं. तो परतताना गाडीत एक शब्द बोलला नाही. मला कळत नाहीये की त्याला थांबवू की पुढे नेऊ.

---

तपकीरगल्ली · १४ जानेवारी, सकाळी ११:४०

पुढे न्या. थांबवलंत तर तो एकटा करेल.

---

ब्युरेट · १४ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

ताई, दुकानदारांनाही समजून घ्या. ॲसिड हल्ल्यांच्या खटल्यात १८ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला. विक्रीची वही ठेवायची, ओळखपत्र पाहायचं, कारण लिहून घ्यायचं, अठराखालच्यांना द्यायचं नाही, साठा पंधरा दिवसांत उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना कळवायचा, चुकलं तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. तो आदेश का आला ते आठवलं की वहीत सही करताना हात अडखळत नाही. पण नववीतल्या मुलाकडे बघून तसं विचारणं मलाही आवडलं नाही. त्याला सांगा, एक म्हातारा शिक्षक म्हणतो की तुझा प्रश्न चांगला आहे.

शाळेच्या विज्ञान शिक्षकांना भेटा, पत्र मागा, शक्य असेल तर त्यांच्याच प्रयोगशाळेत शनिवारी तासभर. तोवर घरी करण्यासारखं एक सांगतो. माझ्या मते ऑक्सिडीकरण शिकायला याहून सुंदर काही नाही.

'निळी बाटली' म्हणतात. पाण्यात थोडं सोडियम हायड्रॉक्साइड, थोडं ग्लुकोज आणि मिथिलीन ब्ल्यूचे दोन-चार थेंब. बाटली अर्धीच भरा, बूच लावा. ठेवून दिली की रंग जातो. हलवली की निळी. पुन्हा ठेवली की रंगहीन. ग्लुकोज त्या रंगाचं क्षपण करतं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतं, हलवल्यावर बाटलीतल्या हवेचा ऑक्सिजन विरघळून त्याचं पुन्हा ऑक्सिडीकरण करतो. इथे ऑक्सिडक म्हणजे हवा. ती कुठल्याच यादीत नाही. हायड्रॉक्साइड मात्र तुम्ही स्वतः मोजून विरघळवा, चष्मा घालून, मुलगा बाजूला. डोळ्याला ते आम्लापेक्षा वाईट.

हे जमलं की त्याला बाटली वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात ठेवून रंग जायला लागणारा वेळ मोजायला सांगा. वहीत आलेख काढू द्या. दहावी-बारावीत अभिक्रियेचा वेग शिकवतील तेव्हा तो आधीच तिथे असेल.

परमँगनेटचा एक कण साखर आणि हायड्रॉक्साइडच्या द्रावणात टाकला की जांभळा, निळा, हिरवा, शेवटी पिवळसर तपकिरी असे रंग क्रमानं दिसतात. मँगनीजचा ऑक्सिडीकरण अंक सातवरून सहावर, मग चारवर उतरताना दिसतो. पूर्वी विहिरीत टाकायला परमँगनेट घरोघरी असायचं. आजही मागायला हरकत नाही, पण दुकानदारानं नोंद केली तर करू द्या. कोकेन शुद्ध करायला ते वापरतात, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थांविरुद्धच्या १९८८ च्या करारातल्या यादीत आहे.

अवांतर : १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किननं लंडनमध्ये, सुट्टीत, घरातल्या प्रयोगशाळेत ॲनिलिनवर पोटॅशियम डायक्रोमेटची क्रिया केली. हवं होतं क्विनीन, मिळाला जांभळा रंग, आणि त्यातून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. डायक्रोमेट हा जोरदार ऑक्सिडक. आज युरोपात त्याच्या वापराला खास मंजुरी लागते, कारण सहा-धन क्रोमियम कर्करोग देतं. ते परत घराघरांत यावं असं मी म्हणणार नाही. माझ्या उजव्या तर्जनीवर त्याचा व्रण अजून आहे. पण पुढचा पर्किन कुठे बसून काम करेल, हा प्रश्न मला छळतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळा संध्याकाळी पाचला कुलूपबंद होतात. त्या आठवड्यातून एक संध्याकाळ बाहेरच्या हौशी लोकांना, पैसे घेऊन, देखरेखीखाली उघडल्या तर? रसायनं तिथेच राहतील, नोंद तिथेच होईल, कुणाच्या तळघरात काही ठेवावं लागणार नाही. निवृत्तीआधी मी हे दोनदा लिहून दिलं होतं. उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा लिहीन.

---

कृष्णाकाठ · १४ जानेवारी, रात्री ८:५०

सर, लिहा. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मी पण लिहून देतो. माझ्याकडे माती-पाणी परीक्षणाचं थोडं सामान पडून आहे, ते त्यांना देता येईल.

---

ठाण्याची_आई · १९ जानेवारी, रात्री १०:०५

निळी बाटली झाली. तीन दिवस घरात कुणी दुसरं काही बोललेलं नाही. आलेख काढलाय. गरम पाण्यात लवकर रंग जातो, पण अगदी गरम केल्यावर द्रावण पिवळं-तपकिरी पडलं. ते का, हे त्याला सरांना विचारायचंय.

---

ब्युरेट · २० जानेवारी, पहाटे ५:४५

कारण अल्कलीत ग्लुकोजचं स्वतःचंच विघटन होतं, उष्णतेनं ते जोरात होतं. साखर जळते तसा रंग येतो. पाठ्यपुस्तकात नसलेली गोष्ट त्याच्या नजरेला पडली, हे त्याला सांगा. ते द्रावण टाकून नवं करू द्या.

---

निळीशाई · २ मार्च, रात्री ९:२६

धागा वर आणतेय. उशीर झाला, पण हातात काही असल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

११.९ टक्क्यांची बाटली चार दिवसांत घरी आली, कुणी काही विचारलं नाही. अडचण निघाली ती यादीत नसलेल्या रसायनांची! आयोडेट आणि मॅलोनिक आम्ल कुठल्याही कायद्यानं मला रोखलेलं नव्हतं. तरीही तीन पुरवठादारांनी खाजगी ग्राहकांना आम्ही काहीच विकत नाही असं कळवलं. यादी नऊ-दहा पदार्थांची असते, पण भीतीनं अख्खं दुकान बंद होतं. कायद्यापेक्षा या गोष्टीशी जास्त झगडावं लागतं, हे आता कळलं.

मग ब्युरेट सरांनी ठाण्याच्या ताईंना दिलेला सल्ला मीच घेतला. लेकीच्या शाळेतल्या रसायनशास्त्राच्या बाईंना पत्र लिहिलं. कायद्यातला आकडा, सरांचा भागाकार, प्रत्येक द्रावणाची तीव्रता, विल्हेवाट कशी लावणार, सगळं दोन पानांत. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांच्या कपाटात आयोडेट आणि मॅलोनिक आम्ल दोन्ही होतं, पण पेरॉक्साइड सांभाळण्याच्या कटकटीमुळे हा प्रयोग त्यांनी कित्येक वर्षं केलेला नव्हता. शुक्रवारी दुपारी या म्हणाल्या.

पहिल्या खेपेला नुसताच मधाचा रंग आला आणि तिथेच राहिला. माझे कान तापले. बाईंनी शांतपणे विचारलं, तिसरं द्रावण कुठल्या पाण्यात केलंत? मी स्टार्च घरी उकळून नेला होता, नळाच्या पाण्यात. क्लोराइड या अभिक्रियेला चालत नाही. कोल्हापुरात सरांनी हे दहादा सांगितलं असेल. ऊर्ध्वपातित पाण्यात सगळं पुन्हा केलं, खिडक्या उघडल्या कारण आयोडिनचा वास येतो, आणि लेकीला ओतायला दिलं. चष्मा, हातमोजे घालून.

पाणी. मध. शाई. पाणी.

ती मोठ्यानं मोजत होती, मराठीत, शाळेतल्या बाई जर्मनमध्ये तिच्या मागोमाग. सतरा वेळा निळं झालं. मग ते निळंच राहिलं. सोडियम थायोसल्फेट घालून सगळा रंग घालवला आणि मग शाळेच्या कचऱ्याच्या कॅनमध्ये ओतलं.

बाईंनी पुढच्या इयत्तेसाठी प्रयोग ठेवायचं ठरवलंय आणि मला दर महिन्याच्या एका शुक्रवारी यायला सांगितलंय. ११.९ टक्क्यांची बाटली आता त्यांच्याच कपाटात आहे, माझ्या नावाच्या चिठ्ठीसकट.

सर, वहीत तुमच्या वेळी किती वेळा निळं झालं होतं, लिहिलंय का?

---

ब्युरेट · ३ मार्च, पहाटे ५:१०

लिहिलंय. १६ फेब्रुवारी १९८९, अठरा. खाली विद्यार्थ्यांच्या सह्या आहेत.

तुमचे सतरा मी त्याच पानावर खाली लिहून घेतले आहेत. मुलीचं नाव कळवलंत तर तेही लिहीन.